जुन्या बाटलीतलं लोह

चुंबकी द्रव आणि प्रकाश यांच्या नात्याचा इतिहास बहुतेक जण १९६३ पासून सांगतात. ठिकाण अमेरिकेतलं क्लीव्हलंड, संस्था नासा, माणूस स्टीव्ह पॅपेल आणि निमित्त रॉकेटच्या इंधनाचं. सांगायला सुरुवात सोयीची आहे; रॉकेटचं नाव काढलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. पण मला ती पटत नाही. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं खरं, पण वाढले मिरजेत, वडिलांच्या औषधांच्या दुकानावर. कुठल्या कपाटात कुठली बाटली किती दिवस पडून आहे, हे बघण्याची सवय तिथली. म्हणून असेल, मला ही हकिगत पॅपेलच्या साठ वर्षं आधी, रक्तवाढीच्या एका औषधापासून सुरू झालेली दिसते. आणि तेही ताज्या औषधापासून नव्हे.

रक्त कमी असलेल्याला लोह द्यावं, हे ज्ञान जुनंच. आपल्याकडे वैद्य पांडुरोगावर लोहभस्म देत आले. युरोपातले डॉक्टर लोहाचे क्षार पाण्यात विरघळवून पाजत. या क्षारांची खोड अशी की चव तुरट, दात काळे पडणार आणि पोट बांधलं जाणार. आमच्या दुकानातही लोहाचं पातळ टॉनिक देताना वडील प्रत्येक बाईला बजावायचे, ‘नळीनं घ्या ताई, दाताला लागू देऊ नका.’ एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात यावर एक तोड निघाली, ती रसायनशाळेतून. टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये डायलिसिसची रीत मांडली. एका कड्यावर चर्मपत्री कागद ताणून बसवायचा, त्यात लोहाच्या क्लोराइडपासून केलेलं द्रावण ओतायचं आणि ते कडं स्वच्छ पाण्यावर ठेवून द्यायचं. आम्ल आणि क्षार कागदातून हळूहळू पाण्यात निसटतात. कड्यात उरतो तांबूस तपकिरी, आरपार दिसणारा द्रव. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे इतके बारीक कण असतात की ते तळाशी बसत नाहीत, गाळण कागदाला दाद देत नाहीत आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतही नाहीत.

असं डायलिसिस केलेलं लोह पॅरिसच्या ब्राव्हे नावाच्या औषधवाल्याने थेंबांच्या बाटलीत भरून विकायला काढलं. नाव ‘फेर ब्राव्हे’, म्हणजे ब्राव्हेचं लोह. जाहिरात अशी की याला चव नाही, वास नाही, दात काळे होत नाहीत. औषध म्हणून त्याच्या गुणाबद्दल त्या काळच्या डॉक्टरांतही एकमत नव्हतं. पण भौतिकशास्त्रज्ञांना त्यात वेगळंच काही सापडलं. लोह भरपूर, तरीही द्रव आरपार दिसणारा, शिवाय कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळणारा. चुंबक आणि प्रकाश यांचा प्रयोग करणाऱ्याला आणखी काय हवं?

त्या प्रयोगांची परंपरा तोवर अर्धशतकाहून जुनी झाली होती. मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १३ सप्टेंबर १८४५ रोजी, चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे पहिल्यांदा पाहिलं. इतर पदार्थ वापरून काही दिसेना, तेव्हा त्याने शिसं घातलेल्या जड काचेचा तुकडा चुंबकाच्या ध्रुवांपाशी ठेवला. एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश त्या काचेतून बलरेषांच्या दिशेने सोडल्यावर त्याचं प्रतल किंचित वळलं. ही काच आली कुठून? १८२० च्या दशकात दुर्बिणींसाठी निर्दोष काच बनवण्याचं एक काम फॅरेडेच्या गळ्यात पडलं होतं. त्याला ते नकोसं झालं होतं आणि दुर्बिणींच्या दृष्टीने त्यातून फारसं काही निघालंही नाही. काचेचे तुकडे मात्र राहिले. वडिलांच्या भाषेत हा डेड स्टॉक. पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेल्या मालातून एकोणिसाव्या शतकातला एक मोठा शोध निघाला, आणि आम्ही तो वर्गात काचेच्या जन्मकथेशिवाय शिकवतो.

फॅरेडेच्या प्रयोगात प्रकाश चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनेच जावा लागतो. प्रयोगशाळेत उभं राहून काम केलेल्याला यातली अडचण लगेच कळेल. विद्युतचुंबकाचे दोन ध्रुव समोरासमोर, मध्ये नमुना. मग प्रकाश आत शिरणार कुठून? त्यासाठी ध्रुवांच्या लोखंडातच आरपार भोक पाडावं लागतं. तसे ध्रुव वेगळे मागवावे लागतात आणि साध्या कॉलेजच्या बजेटात ते बसत नाहीत. प्रकाश क्षेत्राला आडवा पाठवायचा असेल तर ही कटकट नाही. ध्रुवांमधली फट हाच रस्ता.

हा आडवा रस्ता लोहाच्या औषधासाठी वापरला तो क्विरिनो मायोराना याने, रोममध्ये, १९०२ मध्ये. मायोराना मूळचा सिसिलीतल्या कातानियाचा. आज त्या आडनावाने आठवतो तो त्याचा पुतण्या एत्तोरे, जो १९३८ मध्ये गायब झाला आणि ज्याच्यावर आजही पुस्तकं निघतात. काका क्विरिनो मात्र पाठ्यपुस्तकांच्या तळटिपेपुरता उरला. तो हट्टी प्रयोगवाला होता. पुढे आइनस्टाइनच्या सापेक्षतेवर विश्वास न बसल्याने ती प्रयोगाने खोडून काढायचीही त्याने खटपट केली, आणि त्याचे प्रयोग आइनस्टाइनच्याच बाजूने उतरले. मला अशी माणसं आवडतात.

त्याची मांडणी साधी होती. दोन ध्रुवक असे लावायचे की पहिल्यातून गेलेला प्रकाश दुसऱ्याने पूर्ण अडवावा. मध्ये औषधाची काचेची पेटी, पेटीच्या दोन बाजूंना चुंबकाचे ध्रुव, क्षेत्राची दिशा ध्रुवकांशी पंचेचाळीस अंशांत. चुंबक बंद असताना पलीकडे अंधार. चुंबक सुरू केला की प्रकाश येतो. कारण क्षेत्रात द्रवाची वागणूक स्फटिकासारखी होते: क्षेत्राच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश एका वेगाने जातो, आडवा कंप पावणारा दुसऱ्या वेगाने. बाहेर पडताना दोघांचं पाऊल चुकलेलं असतं आणि त्यांच्या बेरजेचा काही भाग दुसऱ्या ध्रुवकातून निसटतो. स्विच चालू, उजेड. स्विच बंद, अंधार. आजच्या सगळ्या चुंबकी-द्रवी प्रकाश-झडपांचं बीज एवढंच आहे.

न्यायाने सांगायचं तर ग्लासगोच्या जॉन केरने त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत पाण्यात तरंगणाऱ्या लोह-ऑक्साइडच्या बारीक पुडीने असाच परिणाम दाखवला होता. केर हा शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवणारा माणूस. त्याच्याबद्दल मला विशेष ममत्व आहे. पण मायोरानाच्या हातात आलं ते केरच्या हातात आलं नव्हतं. मायोरानाच्या द्रवाला वय होतं.

फेर ब्राव्हेची ताजी बाटली घेतली तर परिणाम नगण्य. बरेच दिवस पडून राहिलेली घेतली तर ठसठशीत. नाव तेच, औषध तेच, दिसायलाही तेच. शिवाय काही जुन्या नमुन्यांत आणखी विचित्र प्रकार: क्षीण क्षेत्रात दोन वेगांमधला फरक एका बाजूला, क्षेत्र वाढवत नेलं की फरक शून्यावर येतो आणि पुढे उलट्या बाजूला वाढतो. दुकानदाराला हे ऐकून घाम फुटेल. आमच्या धंद्यात बाटलीतला माल बदलला की तो परत पाठवायचा, चर्चा करायची नाही. एक्सपायरीच्या बाटल्या वडील खालच्या खणात वेगळ्या ठेवायचे आणि स्टॉकिस्टचा माणूस आला की यादी करून त्याच्या हवाली करायचे. खाली काय बदललं असेल, हा प्रश्न त्या खणाला कधी कुणी विचारला नाही.

तो प्रश्न विचारला पॅरिसमधल्या दोघांनी. एमे कोतों हा एकोल नॉर्माल सुपेरिअरचा प्रकाशशास्त्रज्ञ. आँरी मूतों पाश्चर इन्स्टिट्यूटमधला जीवशास्त्रज्ञ, ज्याने आधी अमीबा अन्न कसं पचवतो यावर काम केलं होतं. जोडी विजोड दिसते, पण दुवा होता अतिसूक्ष्मदर्शकाचा. कण दिसत नसला तरी बाजूने जोरकस प्रकाश टाकला की काळ्या पार्श्वभूमीवर त्याचा ठिपका चमकतो, या तत्त्वावर या दोघांनी स्वतःची मांडणी केली होती. झीडेनटॉप्फ आणि झिगमोंडी यांचं प्रसिद्ध जर्मन उपकरणही त्याच सुमाराचं. मूतोंला सूक्ष्मजंतू बघायचे होते, कोतोंला प्रकाश. मायोरानाचं निरीक्षण वाचल्यावर १९०५ च्या सुमारास दोघांनी बाटलीतलं औषधच त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

त्यांना दिसलं ते असं. जुन्या द्रवात कण मोठे झालेले असतात. लहान कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झालेले असतात. ताज्या द्रवातले बारीक कण उष्णतेच्या धक्क्यांनी इतके इकडेतिकडे फेकले जातात की क्षेत्र त्यांना वळवू शकत नाही. मोठा कण मात्र क्षेत्राचं ऐकतो. मग बाटली जुनी होण्याची वाट तरी कशाला बघायची? द्रव तापवून कण मुद्दाम वाढवता येतात, आणि ताज्या बाटलीलाही जुनीचे गुण येतात. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली सर्वात सुंदर पायरी हीच. म्हातारपण म्हणजे काय हे कळलं, आणि कळल्यावर ते हवं तेवढं देता आलं. उलटणाऱ्या चिन्हाचं कोडंही त्याच वाटेने सुटत गेलं: एकाच बाटलीत निरनिराळ्या आकारांचे कण, थोड्या क्षेत्रात काही वळतात, जास्त क्षेत्रात बाकीचे, आणि दोन्हींचा प्रकाशावरचा परिणाम विरुद्ध.

त्यांनी एक खास प्रयोग केला. कोलॉइडमध्ये, म्हणजे बारीक कण तरंगत ठेवणाऱ्या या द्रवात, जिलेटिन मिसळून ते चुंबकाच्या ध्रुवांमध्येच गोठू दिलं. गोठल्यावर चुंबक काढून घेतला तरी प्रकाशावरचा परिणाम टिकून राहिला. कण वळून तसेच अडकले होते. कण वळतात म्हणून प्रकाश बदलतो, याचा इतका हातात धरता येणारा पुरावा दुसरा नाही.

आणि मग विपरीत घडलं. १९०७ मध्ये याच दोघांनी नायट्रोबेंझीनसारख्या शुद्ध द्रवात, ज्यात कसलेच कण नाहीत, तसाच पण अत्यंत क्षीण परिणाम शोधला. तिथे वळतात ते रेणूच. त्या परिणामाला दोघांची नावं लागली, तो पुस्तकांत गेला, आणि औषधाची बाटली मागे पडली. भौतिकशास्त्रज्ञाला शुद्ध पदार्थ प्रिय असतो. मळका, वयानुसार बदलणारा, कंपनीच्या नावाने विकला जाणारा द्रव त्याला नकोच असतो. रेणूंच्या त्या वाटेवर मग मोठमोठी कामं झाली. कलकत्त्यात २१०, बोबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२७ मध्ये या परिणामाची रेणूंच्या घडणीवरून उपपत्ती दिली. कोतोंने पॅरिसजवळ बेलव्ह्यूला सुमारे १२० टनांचा विद्युतचुंबक उभारला, तो १९२८ मध्ये चालू झाला. क्षीण परिणाम मोजायला एवढा थोरला चुंबक, आणि जो परिणाम प्रयोगशाळेतल्या साध्या चुंबकाने दिसत होता, त्याचं नाव कुणी घेत नव्हतं! नायट्रोबेंझीनचं नशीब आणखी उजळलं, पण चुंबकामुळे नव्हे, विजेमुळे. केरने १८७५ मध्ये शोधलेल्या विद्युत परिणामावर चालणारी प्रकाशझडप लाइपझिगच्या आउगुस्ट कारोलुसने १९२० च्या दशकात सुरुवातीच्या टेलिव्हिजनसाठी वापरली. वीज चपळ असते. चुंबकाला तारेचं वेटोळं लागतं, आणि वेटोळ्यातला प्रवाह चटकन बदलत नाही. शर्यत तिथेच हरली होती.

मधल्या काळात चुंबकी कोलॉइडने एका कोपऱ्यात निमूटपणे काम केलं. फ्रान्सिस बिटरने १९३१ मध्ये चुंबकी धातूच्या घासलेल्या पृष्ठभागावर बारीक चुंबकी पूड टाकून त्यातले अदृश्य चुंबकीय प्रांत दाखवले. डब्ल्यू. सी. एल्मोरने १९३८ मध्ये त्याच कामासाठी मॅग्नेटाइटचं, म्हणजे लोहाच्या चुंबकी ऑक्साइडचं, चांगलं कोलॉइड केलं. १९४० मध्ये सी. डब्ल्यू. हीप्सने अशा कोलॉइडच्या प्रकाशीय गुणांवर निबंध लिहिला. हे सगळं वाचायला मिळतं, पण त्यातून धंदा उभा राहिला नाही.

आता क्लीव्हलंड. वजनरहित अवस्थेत टाकीतलं इंधन तोंडाशी राहत नाही, इकडेतिकडे तरंगतं. पॅपेलची युक्ती अशी की इंधनच चुंबकी करावं आणि चुंबकाने ते ओढून आणावं. त्याने मॅग्नेटाइट, ओलेइक आम्ल आणि केरोसीनसारखा द्रव गोळ्यांच्या चक्कीत दिवसेंदिवस दळला. ओलेइक आम्लाचा थर प्रत्येक कणाभोवती बसतो आणि कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. पेटंट १९६५ मध्ये मिळालं. रॉकेटं दुसऱ्याच उपायांनी उडाली. पण रोनाल्ड रोझेन्स्वाइगने ही कृती सुधारली, सहकाऱ्याबरोबर १९६८ मध्ये फेरोफ्लुइडिक्स ही कंपनी काढली, आणि हा काळा द्रव फिरत्या दांड्याच्या सीलमध्ये आणि लाउडस्पीकरच्या कॉइलभोवती जाऊन बसला. तिथे तो आजही आहे. प्रकाशाशी त्याचा तिथे काही संबंध नाही.

कोतों-मूतोंच्या कणांचा आणि पॅपेलच्या कणांचा फरक इथे लक्षात घ्यायला हवा. पॅपेलच्या चक्कीतून निघालेला द्रव जुना व्हायलाच नको होता. कणाचा व्यास सुमारे १० नॅनोमीटर, भोवती आम्लाचं आवरण, पुंजके बांधायला बंदी. म्हणजे मायोरानाला ज्या बदलाने प्रकाश दिसला, तो बदल इथे दोष ठरला. तरीही प्रकाशाचा परिणाम गेला नाही. मॅग्नेटाइटचा चुंबकीय जोर साध्या लोह-ऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून बारीक कणही वळतात. शिवाय क्षेत्रात ते तात्पुरत्या साखळ्या बांधतात आणि क्षेत्र काढलं की साखळ्या मोडतात. पूर्वी जे बाटलीत काळाने घडायचं, ते आता स्विच दाबून घडतं आणि पुन्हा पुसता येतं. मला विचाराल तर या विद्येत खरा नवेपणा आहे तो इथे.

हे मी कॉलेजात करून बघितलं होतं. आमच्याकडे क्विंकेच्या पद्धतीच्या प्रॅक्टिकलसाठी विद्युतचुंबक होता. दरवर्षी मुलं त्याच्या ध्रुवांत यू-नळीचा एक बाहू धरून फेरिक क्लोराइडचं द्रावण किती चढतं ते ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने मोजायची. प्रॅक्टिकलची गडबड नसताना दुपारी लॅब असिस्टंटला मदतीला घेऊन मी त्याच फटीत केरोसीनने पातळ केलेला चुंबकी द्रव ठेवला. मूळ द्रव काजळाइतका काळा. कोऱ्या चहाच्या रंगावर येईपर्यंत पातळ केला, तेव्हा कुठे लाल लेसर पलीकडे पोचला. निळा प्रकाश पोचतच नाही, मॅग्नेटाइट तो खाऊन टाकतं. दोन पोलरॉइड एकमेकांशी काटकोनात आणि क्षेत्राशी पंचेचाळीस अंशांत लावले, खोली काळोखी केली आणि करंट वाढवला. भिंतीवर लाल ठिपका उमटला. करंट कमी केला, ठिपका मावळला. लॅब असिस्टंटने माझ्याकडे न बघता फक्त करंटचं बटण हातात घेतलं आणि बराच वेळ ते वरखाली करत राहिले. अभ्यासक्रमात हा प्रयोग नव्हता, म्हणून वहीत लिहिला गेला नाही.

या द्रवांच्या प्रकाशशास्त्राला पुन्हा वस्ती मिळाली ती पॅरिसमध्येच. तिथे १९७० च्या दशकात मार्तिने याने चुंबकी द्रवांतला दुहेरी वेग आणि असमान शोषण नीट मोजलं. १९८१ मध्ये रने मासार याने चक्की टाळून, क्षारांच्या द्रावणातून थेट पाण्यातला टिकाऊ चुंबकी द्रव करण्याची रासायनिक रीत दिली. पुढे तैवानमधल्या गटांनी दोन काचांमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा थर घेऊन दाखवलं की क्षेत्र थराला उभं लावलं तर कणांचे खांब षट्कोनी रांगांत उभे राहतात. खांबांमधलं अंतर क्षेत्राने बदलतं, म्हणून त्यातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा रंगही बदलतो. कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठात एर्मानो बोरा यांच्या गटाने चुंबकी द्रवावर चांदीच्या सूक्ष्म कणांचा थर देऊन, खालच्या चुंबकांनी आकार बदलणारा आरसा केला.

आपल्या बाजूला या विद्येचं गाव आहे भावनगर. तिथल्या विद्यापीठात आर. व्ही. मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकी द्रवातून जाणाऱ्या प्रकाशावर अनेक वर्षं काम केलं, आणि १९९५ च्या जानेवारीत चुंबकी द्रवांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद तिथे भरली. याआधीची पॅरिसला झाली होती. कलकत्ता, मुंबई, बंगळूर सोडून सौराष्ट्रातल्या एका बंदरगावात ती भरली याचा मला आनंद वाटतो. त्या विषयाची माणसं जिथे, तिथे परिषद, इतका साधा हिशेब फार वेळा होत नाही.

आज दुकानात चुंबकी द्रवाची प्रकाशझडप मिळत नाही, मोबाइलच्या पडद्यात तर नाहीच. तिथली जागा द्रवस्फटिकांनी आधीच पटकावली होती. अडचण जुनीच आहे. कण जितका चुंबकी, तितका तो प्रकाश गिळणारा, आणि वेटोळं विजेइतकं चपळ होत नाही. म्हणून मला वाटतं की हा द्रव प्रकाश सोडण्या-अडवण्यापेक्षा चुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दाखवण्याच्या कामी जास्त येईल. त्या दिशेने कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात जॉन फिलिप यांच्या गटाने २०१२ मध्ये केलेलं काम मला सर्वात कामाचं वाटतं. चुंबकी द्रवाचे एकसारखे थेंब पाण्यात विखरून केलेला पातळ थर त्यांनी चुंबकित पोलादावर ठेवला. आत भेग किंवा पोकळी असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर गळतात, थेंबांच्या रांगांमधलं अंतर बदलतं आणि त्या जागी थराचा रंग वेगळा दिसतो. पोलादातला दोष शोधायला मीटर लागत नाही, वाकून बघितलं की पुरतं.